कळंबचा कौल

कळंबच्या मोंढ्यामागच्या गल्लीत अयोध्याबाईचं घर विचारा, कुणीही दाखवील. निळं दार, दारात शिलाई मशीन आणि मशीनवर ती. ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते आणि कबूल केलेल्या दिवशी काम हातात ठेवते. आता शिवणाऱ्या बाईनं कबूल केलेल्या दिवशी ब्लाउज देणं ही काय चीज असते, ते घरातल्या बायकांनाच विचारा. गल्लीतल्या बाया म्हणतात, हिचं बाई बरंय, स्वतःचं मशीन, स्वतःची चूल, डोक्यावर कुणाचा वचक नाही. म्हणतात ते खोटं नाही. पण हे सगळं तिला कसं मिळालं ते त्यांना ठाऊक नाही, आणि ज्यांना तिनं सांगितलं त्यांनी ते मानलं नाही.

तिचं माहेर माकणीचं. धरणाच्या कडेला वाढलेली पोर. लग्न होऊन आली ती सावरमाळला, मल्हारच्या घरात. सावरमाळ म्हणजे डोंगरावरची तीस-पस्तीस उंबऱ्यांची वस्ती. उगवतीला उतरलं की कळंब लागतं, मावळतीला उतरलं की भूम. मल्हारचा बाप कोंडीराम मेंढरं राखायचा, त्याच्यामागं मल्हारनं राखली. सासू कडूबाई. नणंद एकच, मल्हारपेक्षा थोरली. तिला सगळे आक्का म्हणत. आक्का दिली होती भूमला, बजरंगदाजीला. दाजींची खव्याची भट्टी. पाच कढया रात्रंदिवस उकळायच्या.

या आक्काबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. बाई वाईट नव्हती, पण तिची नजर वाईट होती. माहेरी आली की आधी चुलीपुढची राख बघायची, मग भांड्याच्या बुडावरून बोट फिरवायची आणि ते बोट अयोध्येपुढं धरायची. बोलायची नाही काही. बोट धरायची. लेक समृद्धी झाली, त्या बाळंतपणानंतर अयोध्या पाच महिने भूमला राहिली होती, कारण त्या साली माळावर पाणीच नव्हतं. ते पाच महिने ती लांब दांड्याचं उलथणं घेऊन कढईपुढं उभी होती. खवा एक पळभर सोडला की बुडाला लागतो, म्हणून तान्ही पोर रडत असली तरी हात थांबवायचा नाही. डोळे धुरानं सुजलेले आणि पाठीमागं आक्का. त्या दिवसांत अयोध्येनं मनाशी एक गाठ मारून ठेवली: जीव गेला तरी चालेल, पण पुन्हा इथं राहायला यायचं नाही. बोलली मात्र कुणाला नाही. अयोध्या बोलायचीच नाही; सासरच्यांना वाटायचं, गुणाची आहे.

मग माळ आटला. पाण्यानं नव्हे, माणसांनी. डोंगरावर पवनचक्क्या आल्या, त्यांच्याभोवती तारा आल्या, उरलेल्या पडीक रानाला मालकांनी कुंपणं घातली. मेंढरानं तोंड घालायचं कुठं? कोंडीराम वारला त्याच्या पुढच्याच सालात मल्हारनं कळप विकला. त्याच उन्हाळ्यात समृद्धी दहावी झाली, चांगल्या मार्कांनी. वस्तीवर पुढची शाळा नाही, एसटी आली तर आली. तेव्हा घर हलवायचं हे पक्कं झालं. कुठं, एवढंच राहिलं.

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड? तर भूमला सगळं तयार होतं. भट्टीमागं दोन खोल्या रिकाम्या, मल्हारला दूध मापून घ्यायचं काम, शिवाय दाजींच्या आठ म्हशी. जनावरात वाढलेल्या माणसाला याहून काय पाहिजे. कडूबाईची लेक तिथंच. कॉलेजही होतं. कळंबला काय होतं? अयोध्येच्या माहेरची एक मैत्रीण होती, तिचं साड्यांचं दुकान होतं, आणि ती म्हणाली होती, "तू ये तर खरी, फॉल-पिकोचं एवढं काम देते की मान वर करायला सवड व्हायची न्हाय." लग्नाआधी माकणीत अयोध्या तीन महिने शिवणक्लासला गेली होती. तेवढ्या आधारावर ती कळंब म्हणत होती. उघड म्हणताना ती पोरीचं नाव पुढं करायची, "समृद्धीला सायन्सला कळंब बरं," असं. समृद्धीला दोन्ही गावं सारखीच होती. तिला माळावरून सुटायचं होतं.

पंधरा दिवस घरात हेच चाललं. मल्हार सकाळी भूम म्हणायचा, बायकोचं तोंड बघून दुपारी गप्प बसायचा. शेवटी कडूबाई म्हणाली, "आपण कशाला डोकं फोडून घ्यायचं? बिरोबाला इच्यारा." आणि प्रश्न तिथंच मिटला, कारण त्या घराण्यात बिरोबाच्या पुढं कुणाचं डोकं चालत नव्हतं.

त्यांच्यात कौलाची रीत अशी. घरातल्या कर्त्यानं देवापुढं प्रश्न घालायचा, उजवीकडं काय आणि डावीकडं काय ते सांगायचं. थोरल्या सुनेनं देवाला अंघोळ घालायची, भंडारा लावायचा आणि भिजवलेल्या ज्वारीचे दोन दाणे देवाच्या दोन खांद्यांना नुसत्या पाण्यानं चिकटवायचे. मग सगळ्यांनी हात जोडून बसायचं. जो दाणा आधी गळेल तो देवाचा शब्द. एकदा शब्द झाला की बारा वर्षं तो मोडायचा नाही आणि तीच गोष्ट देवाला पुन्हा विचारायची नाही. कडूबाईच्या चुलतसासऱ्यानं म्हणे एकदा कौल मोडला होता आणि त्याची दीडशे मेंढरं एका आठवड्यात बसल्या जागी मेली. ही दीडशे मेंढरं त्या घरात पोराटोरांनासुद्धा तोंडपाठ होती.

मल्हारनं रविवारी सकाळी प्रश्न घातला. उजवीकडं कळंब, डावीकडं भूम. अयोध्येनं देवाला अंघोळ घातली. उजव्या खांद्याला पाण्यानं दाणा लावला. डाव्या खांद्याला लावायच्या आधी तिनं नैवेद्याच्या ताटातल्या गुळाला बोट टेकवलं आणि त्या बोटानं दाणा दाबला. नखावर मावेल एवढा गूळ. तिची पाठ सगळ्यांकडं होती, कुणी काही पाहिलं नाही. हा हात आत्ता झडेल असं तिला वाटलं, आणि झडला नाही याचं तिला जास्त भ्या वाटलं.

पाच-सात मिनिटांत उजवा दाणा गळला. डावा तसाच राहिला, ऊन चढेपर्यंत राहिला. कडूबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. लेकीजवळ जायचं तिचं सपान गेलं होतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "देवाच्या मनात आलं ते आलं." मल्हारनं देवापुढं डोकं टेकलं. झालं. सामान होतंच किती? एका टेम्पोत मावलं.

पहिले सहा महिने अयोध्या सुखात होती, हे कबूल केलं पाहिजे. मैत्रीण बोलल्याला जागली. जुनं मशीन मिळालं. सकाळी स्वतःच्या चुलीवर स्वतःच्या मनाचा चहा करायचा, पाहिजे तेवढी साखर घालायची, भांड्याच्या बुडाखाली कुणी बोट घालणार नाही. समृद्धी वेणी घालून कॉलेजला जायची. तिला तसं बघून अयोध्येला वाटायचं, देव असला तर त्यानं बघितलं असेल आणि मनात म्हणाला असेल, असू दे.

पण मल्हारला मोंढ्यात हमालीशिवाय काम मिळालं नाही. मेंढरामागं दहा कोस चालणारा माणूस तो, पाठीवर पोतं घेणारा नव्हे. दिवाळीच्या आगंमागं सोयाबीन येतं, पुढं तूर, मग हरभरा. गाड्यांच्या रांगा लागतात आणि माणूस सकाळपासून अंधार पडेपर्यंत वाकलेला. घरी आला की भिंतीला पाठ टेकून बसायचा आणि अयोध्या तेल चोळायला बसायची. तो कधी कुरकुरला नाही. कुरकुरला असता तर बरं झालं असतं. तो म्हणायचा, "देवानं हितं धाडलंय म्हंजी त्याच्या मनात कायतरी आसंल." ती तेल चोळत राहायची.

कडूबाईचं तर सगळंच संपल्यागत झालं. माळावर तिला आंगण होतं, कुत्री होती, येणारंजाणारं होतं. इथं एक खोली, एक पडवी आणि पडवीत खाट. दिवसातून दोनदा विचारायची, "भूमची गाडी किती वाजता गं सुटती?" अयोध्या वेळ सांगायची. म्हातारी मान हलवायची आणि खाटेवरच बसायची. एकदा अयोध्या न राहवून म्हणाली, "आत्या, जावा की चार दिवस आक्कांकडं." म्हातारी म्हणाली, "चार दिवसानं काय हुतंय? आन् लेकीच्या घरी ऱ्हायला गेले तर लोकं म्हणतील, लेकानं टाकली. समदे मिळून गेलो आसतो तर गोष्ट येगळी हुती." मग आपणच समजूत घातल्यासारखं म्हणाली, "देवानं न्हाय दिलं."

कुणी तोंडावर मारलं असतं तर अयोध्येनं सोसलं असतं. पण ही माणसं तिच्यावर रागावत नव्हती, नशिबावर नव्हती, एकमेकांवर नव्हती. देवाचा शब्द म्हणून गुमान सोसत होती आणि देव त्या दिवशी काहीच बोलला नव्हता, हे घरात तिला एकटीला ठाऊक होतं. कदाचित तो कळंबच म्हणणार होता. कदाचित भूम. तिनं त्याला बोलूच दिलं नाही. मशीन चालवता चालवता ती हाच विचार करायची आणि सुई बोटात जायची.

दुसऱ्या वर्षीच्या हंगामात, तुरीच्या दिवसांत, पोत्यांची थप्पी सरकली. वरची दोन पोती मल्हारच्या पाठीवर आली. जीव वाचला. दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढला आणि बजावून सांगितलं की मणका सरकलाय, इथून पुढं ओझं उचलायचं नाही, उचलशील तर एक दिवस कायमचा अंथरुणाला लागशील. दीड महिना मल्हार झोपून होता. अयोध्येच्या मशीनवर चार तोंडं आली. तिनं त्याचंही वाईट वाटून घेतलं नाही. तिला एकच दिसत होतं, हा माणूस बरा झाला की पुन्हा मोंढ्यात जाणार.

एके दिवशी दुपारी बजरंगदाजी पिकअप घेऊन दारात आले. सोबत किलोभर खवा. मल्हारच्या अंथरुणाच्या कडेला टेकले, मेव्हण्याकडं बघून त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "मल्हारराव, उठा. म्या गाडी आणलीय. भूमला चला. खुर्चीत बसायचं, दूध मापून घ्यायचं, वहीत आकडा मांडायचा. वझं उचलायला दोन गडी हायत." मग अयोध्येकडं वळून म्हणाले, "तुमच्या आक्काचा खास निरोप हाय. म्हणली, अयोध्येला सांगा, भट्टीकडं फिरकू नगंस. मशीन घेऊन ये आन् फुडल्या खोलीत दुकान घाल. ती म्हणली, तवा म्या तिला लई राबवलं."

वीस वर्षं ज्या बाईच्या धाकात अयोध्या होती, ती बाई माफीच मागत होती. समृद्धीचंही अडत नव्हतं. बारावीची परीक्षा झाली होती, पुढचं शिक्षण कळंबला काय आणि भूमला काय, बाहेरच जायचं होतं. कळंबला राहायचं एकही कारण उरलं नव्हतं.

मल्हार हसला. म्हणाला, "दाजी, तुमी म्हणला ह्यात आलं समदं. पर कौल कळंबचा हाय. बारा वर्सं. दोन झाली, दहा राहिली."

कडूबाई खाटेवरून म्हणाली, "व्हय. दीडशे मेंढरं मेली हुती." लेकीच्या घरची गाडी दारात उभी होती आणि ती तिच्याकडं बघतही नव्हती.

दाजींनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "मोंढ्यात एकाला भेटून येतो. चारला निघायचं. तवर इच्यार करा." ते गेले. अयोध्येनं दार लोटलं, मल्हारच्या पुढ्यात जमिनीवर बसली आणि बोलायला लागली. समृद्धी आतल्या उंबऱ्यात उभी होती, तिलाही तिनं जा म्हटलं नाही.

"देवानं काय कौल दिला न्हाय," ती म्हणाली. "म्या डाव्या दाण्याला गूळ लावला हुता. म्हणून त्यो गळला न्हाय. मला भूमला जायचं न्हवतं. म्या देवाला फशीवलं, तुमाला फशीवलं. काय शिक्षा हुईल ती मला होऊ द्या, मी एकली भोगते. तुमी उठा आन् गाडीत बसा."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. आता मारील, शिव्या देईल, माहेरी धाडील. काहीही करील, पण कळंब सुटेल. ती मान खाली घालून वाट बघत बसली.

मल्हारनं मान तिच्याकडं वळवली. मग त्यानं विचारलं, "तू लावलास गूळ?"

"व्हय."

"आमी समदे मागं बसलो आसताना? देवाच्या अंगाला हात लावून?"

"व्हय."

"तुला भ्या न्हाय वाटलं?"

"लई वाटलं."

"तरी लावलास," मल्हार म्हणाला. आवाजात राग नव्हता. लेकराला समजवावं तसा तो बोलत होता. "अयोध्या, वीस वर्सं झाली तुला घरात येऊन. मायफुडं कधी तोंड उघडलं न्हाईस. आक्कानं बोट दावलं तर तेच भांडं पुना घासलंस. पाच म्हैने धुरात उभी राहिलीस, पर मला येका शबदानं म्हणली न्हाईस की आवं, मला हितून न्या. आन् त्याच बाईनं देवाला गूळ लावला व्हय? ही हिंमत तुझी न्हवं. तुझ्यात न्हायच एवढी. ही त्याची."

अयोध्या त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो मनापासून बोलत होता.

कडूबाई खाटेवरून उठली, भिंतीला धरून धरून आली आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्या मनात दोन वर्सं किंतु हुता बग," ती म्हणाली. "उजवा दाणा लई लौकर गळला हुता. म्हणायची, वाऱ्यानं गळला का काय. आज किंतु गेला. देवाला हात हायत का? आपल्याच हातानं करून घेतो तो. त्याला कळंब एवढं हवं हुतं की तुझं बोट गुळात बुडवलं त्यानं."

"आत्या, माझ्या मनानं केलं ओ मी," अयोध्या म्हणाली. "माझ्या, माझ्या मनानं."

"मन तरी कुणाचं आसतंय, बाय," म्हातारी म्हणाली आणि पदरानं तिचे डोळे पुसायला लागली. दोन वर्षांत म्हातारीचा चेहरा इतका निवांत अयोध्येनं पाहिला नव्हता.

तिनं पुन्हा सांगितलं. शपथ घातली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. जितकं सांगावं तितकं मल्हार मान हलवत गेला आणि जितकी ती रडली तितकं त्या दोघांना पटत गेलं. जन्मात एक गोष्ट तिनं स्वतःच्या मनानं केली होती, वाईट का होईना. तीही त्या दोघांनी तिच्याकडून काढून घेतली.

चारला दाजी आले आणि रिकामी गाडी घेऊन परत गेले. जाताना मल्हार अंथरुणावरूनच म्हणाला, "आक्काला सांगा, आमचं हितंच बरं चाललंय."

आई भांडी घासायला मोरीत बसली तशी समृद्धी तिच्याजवळ येऊन उभी राहिली. "खरंच लावला होतास ना?" तिनं विचारलं. अयोध्येनं मान हलवली. एकटी पोरच तेवढी विश्वास ठेवणारी निघाली. पोर हळूच म्हणाली, "बरं केलंस आई. भूमला भट्टीपुढं उभी राहून मी पोचले असते का इथवर?" आणि आत निघून गेली. अयोध्येला वाटलं, हिनं तरी शिव्या द्यायला पाहिजे होत्या.

पुढच्या सोमवारी हरभऱ्याच्या गाड्या लागल्याचं मोंढ्यातून कळलं. मल्हार पहाटेच उठला, हळूहळू उभा राहिला. कडूबाईनं आपल्या जुन्या लुगड्याची लांब पट्टी फाडून दिली होती, कंबरेला बांधायला. त्याला स्वतःला वाकून ती बांधता येईना. "अयोध्या, जरा बांध गं," तो म्हणाला. तिनं पट्टी त्याच्या कंबरेभोवती तीनदा फिरवली आणि पाठीमागं गाठ घातली. "जाऊ नगासा," ती म्हणाली. तो म्हणाला, "त्याच्या मनात आसंल तर कायबी हुत न्हाय. आनखी आवळ." तिनं गुडघा त्याच्या पाठीला लावला आणि होता तेवढा जोर लावून आवळलं.